आडवी विहीर

"कागद कोणाला दिसतो हो?" असं म्हणत माझ्या शेजारच्या टेबलावरचे निरीक्षक खुर्चीवरून उठायचे, खिडकीपर्यंत जायचे, परत यायचे आणि नीट टेकायच्या आत पुन्हा उठायचे. विहिरींचं पाणी मोजणाऱ्या आमच्या जळगावच्या ऑफिसात मी ट्रेसर होते. ते मोजून आणतील ते आकडे मी ग्राफपेपरवर चढवायचे, साहेब सही करायचे आणि कागद कपाटात जायचा. यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही, खरं सांगते. त्यांना मात्र त्या कपाटाकडे बघवत नसे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या शेजारी बसलं की आपलेच पाय हलायला लागतात.

पाचोऱ्याजवळचं एक गाव त्यांचं स्वतःचं. ऐंशी-नव्वदच्या मधली ही गोष्ट. पाऊस पहिल्यासारखा राहिला नव्हता, केळीच्या बागांतून बोअर झाल्या होत्या आणि गावविहिरीचं पाणी दर उन्हाळ्यात खाली चाललं होतं.

"यंदा वैशाखात प्यायलाही राहणार नाही, ताई," ते म्हणाले. "पावसापर्यंत बोअर बंद ठेवा म्हटलं तर हसतात. ग्राफ दाखवला तर म्हणतात, रेघ छान काढली आहे."

रेघ माझी होती. आता तिचं कौतुक ऐकून खूश व्हायचं की चिडायचं, ते मला कळेना.

चैत्रात ते मला पाहणीला घेऊन गेले. विहिरीच्या काठापासून त्यांनी गल्लीत टेप पसरली आणि फक्की सोडायला सुरुवात केली, शाळेच्या मैदानावर सोडतात तीच. ज्या वर्षी पाणी जितकं खोल, तितका लांब पट्टा. जुन्या रजिस्टरातली सगळी वर्षं शेजारी शेजारी. पहिलं न्हाव्याच्या दुकानाशी संपलं, मधली गिरणीच्या आसपास आणि यंदाचं थेट त्यांच्या थोरल्या भावाच्या ओट्याला जाऊन टेकलं.

गावाने भलताच अर्थ लावला. सरकारी माणूस, टेप, फक्की. म्हणजे रस्ता रुंद होणार! "भाऊ, आमनं घर पाडतस का?" म्हणत एक जण धावत आला. तासाभरात तिघांनी ओट्यावरचे पत्रे स्वतःच उतरवून ठेवले. मी हसून बेजार झाले. ते हसले नाहीत.

"बघा," म्हणाले, "फक्कीला घाबरतात. कोरड्या विहिरीला घाबरत नाहीत."

मग त्यांनी एकेकाला समजावून त्या पट्ट्यांवरून चालायला लावलं. हंडा घेतलेली एक म्हातारी विहिरीपासून शेवटच्या ओट्यापर्यंत सावकाश चालत गेली आणि मागे वळून बघत राहिली. "इतलं खाले गयं पानी?" एवढंच म्हणाली.

चिडले ते आबा, त्यांचे थोरले भाऊ. विहिरीला सगळ्यात जवळची बोअर त्यांचीच होती आणि बाग ऐन निसवायला, घड बाहेर पडायला आलेली. "मन्हाच दारमा आनी का रेघ?"

"टेप तुम्ही धरा, आबा. तुम्हीच मोजा. पानी बठ्ठास्नं शे, सगळ्यांचं."

त्याच बागेच्या जिवावर आबांनी त्यांना शिकवलं होतं.

आबांनी टेप विहिरीत सोडली, वर ओढली, ओली खूण बोटाने धरली आणि गल्लीत लावून पाहिली. पट्टा बरोबर होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोअर बंद केली. आबांनी केली म्हटल्यावर बाकीच्यांनीही केली. गावाला पावसापर्यंत पाणी पुरलं. आबांची बाग उभी वाळली आणि त्यांनी धाकट्या भावाशी बोलणं टाकलं.

ऑफिसने काय करावं? मेमो दिला. कार्यालयीन माहिती विनापरवानगी सार्वजनिक रस्त्यावर काढल्याबद्दल खुलासा करावा! त्यांनी खुलासा लिहिला, पण धुळ्याला बदली झालीच.

पुढच्या वैशाखात माझ्या नावाने एक कार्ड आलं. गावविहिरीच्या पाण्याची खोली, बाकी काही नाही, सहीसुद्धा नाही. शिक्का पाचोऱ्याचा. आबांचंच, मी ओळखलं आणि धुळ्याला कळवलं. उलट टपाली उत्तर आलं, "टेप सरळ धरली होती का, विचारा." मी विचारलं. आबांनी लिहिलं, "त्याला म्हणावं, मला शिकवू नको." दोन सख्खे भाऊ, आणि मधे मी पोस्टमन. तीन वैशाख असं चाललं. मी वैतागल्याचं दाखवायची, पण मला ते फार आवडायचं.

मग एका हिवाळ्यात ते धुळ्यातच गेले. हृदयविकाराचा झटका आला. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांदेखत रडले.

त्या वैशाखात कार्ड आलं नाही. आबाच आले, भर उन्हात. मी पाण्याचा पेला दिला, तो ते तसाच हातात धरून राहिले.

"यंदा पानी दोन हात वर शे," ते म्हणाले.

मी रजिस्टर पुढे ओढलं, तारीख घातली, आकडा लिहून घेतला. आबा माझ्या पेनाकडे बघत होते.

"ताई," ते म्हणाले, "पन आते मी कोनले सांगू?"