कोट खुंटीवर, पोतदार राउंडवर

लेथखाली लोखंडाचा कीस साचतो, तसे कारखान्यात किस्से साचतात. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा तेवढाच ढीग. शिवाय चपलेच्या तळव्यात रुतून थोडा घरीही येतो. बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात मी सोळा वर्षं ऑफिस सांभाळलं. पत्रं टाइप केली, फोन घेतले. आम्ही पंपांचे भाग बनवायचो. पण जुनं कोणी भेटलं की पंपांबद्दल विचारत नाही. विचारतात, "मॅडम, तो कोटाचा स्टँड अजून आहे का हो?"

आहे. त्याचेच हे किस्से.

*

पोतदार म्हणजे टूलरूमचे फोरमन, आणि माझे यजमान. घरी मी त्यांना 'अहो' म्हणायची, कारखान्यात 'पोतदार'. एकदा चुकून शॉपच्या, म्हणजे मशिनींच्या शेडच्या, मधोमध उभी राहून 'अहो' म्हणून हाक मारली, तर चार फिटर वळले!

त्यांच्याकडे लग्नातला एक तपकिरी कोट होता. आम्ही राहायला हेब्बाळला. तिथून सकाळी स्कूटरवर पीण्याला यायचं म्हणजे बेंगळुरूच्या थंडीत कोट लागायचाच. आल्यावर तो टूलरूमच्या भिंतीतल्या खुंटीवर टांगायचा, घरी जाताना घालायचा. त्यामुळे शॉपमध्ये नियमच होऊन गेला होता: कोट खुंटीवर, म्हणजे पोतदार आवारात.

या नियमाचा सगळ्यात जास्त फायदा पोतदारांनीच घेतला.

दुपारी ते कोट तसाच ठेवून गुपचूप सटकायचे. साहेब विचारत आले, की वेल्डर इरप्पा तोंडावरचा मुखवटासुद्धा वर न करता सांगायचा, "राउंडवर हाईत, साहेब. कोट बघा की." इरप्पा निपाणीकडचा. थाप मारताना त्याचं मराठी फार गोड व्हायचं. साहेब कोट बघायचे आणि परत जायचे. फोनवर मीही तेच सांगायची. बायकोच सांगते म्हटल्यावर कोण शंका घेणार!

एकदा मात्र साहेब खुंटीखालीच खुर्ची टाकून बसले. पाऊण तासाने पोतदार फाटकातून आत आले. हातात अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांची फुगलेली पिशवी.

"हा कसला राउंड, पोतदार?"

"मार्केटचा, साहेब. पहिलाच माल आलाय. अर्ध्या तुम्हाला घ्या."

साहेबांनी घेतल्या!

*

हा नियम एकाच माणसाला मान्य नव्हता. जोगळेकर. पुण्याहून आलेला, तिशीचा, इन्स्पेक्शनचा प्रमुख. त्याच्या रिपोर्टमध्ये खोटा आकडा सोडाच, अंदाजाचा आकडासुद्धा नसायचा. "कोट म्हणजे पुरावा नव्हे!" असं तो इरप्पाला ठणकावून सांगायचा. "पुरावा म्हणजे माणूस. माणूस दाखव."

त्या काळात पीण्यातल्या प्रत्येक शेडला क्वालिटीच्या सर्टिफिकेटचं वेड लागलं होतं. परदेशी गिऱ्हाइकं मागायची. आमच्याकडे ते काम जोगळेकरकडे आलं आणि तो शॉपभर टॅग लावत सुटला. हिरवा म्हणजे पास. लाल म्हणजे रिजेक्ट. पिवळा म्हणजे निर्णय व्हायचाय. "ज्या वस्तूवर टॅग नाही ती शॉपमध्ये दिसता कामा नये!"

एका सकाळी कॅन्टीनचं उप्पीट करपलं, तर याने पातेल्याला लाल टॅग बांधला. दुपारी कॅन्टीनवाल्याने याच्या पाठीला पिवळा टॅग चिकटवला. तसाच हा साहेबांच्या मीटिंगला जाऊन आला! संध्याकाळी कळल्यावर भडकला.

इरप्पा म्हणाला, "त्यात खोटं काय हाय, साहेब? चार पोरी बघून झाल्या, अजून निर्णय न्हाईच की!"

*

पॅटर्नशॉपमध्ये रावअण्णा होते. ओतकामासाठी लाकडाचे नमुने करणारे मिस्त्री. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेलं, आणि अण्णा ते असं सांगायचे, की घोड्यावरून आत्ताच उतरलेत आणि कंबर दुखतेय. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. कुठलंही काम सांगा, उत्तर ठरलेलं: "सरी, स्वल्प थांबा." सरी म्हणजे बरं.

जोगळेकरला पहिल्या दिवशी वाटलं, काय शुद्ध बोलतात! महिन्याभराने माझ्याकडे येऊन म्हणाला, "मॅडम, 'स्वल्प' म्हणजे नक्की किती?"

"थोडं. कन्नडमध्ये."

"तीन आठवडे झालेत!"

तेव्हापासून त्याने अण्णांचं नाव स्वल्पविराम ठेवलं. अण्णांना कळलं. म्हणाले, "बरं आहे की. पूर्णविरामापेक्षा बरं."

*

एका सकाळी पोतदार टूलरूममध्येच खाली बसले. इरप्पाने आणि आणखी दोघांनी उचलून गाडीत घातलं. हॉस्पिटलातून ते परत आले नाहीत.

कोट खुंटीवरच राहिला. पंधरा दिवसांनी मी कामावर गेले, तेव्हाही तिथेच होता. कोणी हात लावला नव्हता. मीही लावला नाही. रोज संध्याकाळी मी इरप्पाला म्हणायची, "उद्या नेते." तो म्हणायचा, "घाई काय हाय, अक्का."

असं पाच महिने चाललं.

*

मग परदेशातून नवं मशीन आलं, एका खोलीएवढ्या खोक्यात. ते टूलरूममध्ये बसवायचं तर भिंत पाडायला हवी. खुंटी त्याच भिंतीत. भिंत सोमवारी पडणार होती आणि गुरुवारी सर्टिफिकेटचा ऑडिटर येणार होता.

जोगळेकर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याला बसायला सांगितलं तरी बसला नाही.

"मॅडम, वैयक्तिक काही नाही. पण तो कोट... त्याच्यावर टॅग नाही. नोंद नाही. ऑडिटरने विचारलं तर?"

"बरोबर आहे तुमचं."

"घरी न्यायला काही हरकत आहे का?"

"हरकत काही नाही."

हरकत खरंच नव्हती. पण कोट घरी गेला म्हणजे पोतदार गेले, हा नियम अख्ख्या शॉपला ठाऊक होता. मलाही होता. मी टाइपरायटरमध्ये कागद चढवला. जोगळेकर निघून गेला.

दाराशी इरप्पा ऐकत होता. जेवणाच्या सुट्टीत त्याने जाहीर केलं, "भिंत पडू दे. कोटाला आपण स्टँड करू. कुठंबी उभा राहतोय!"

*

नवीन काही आणायचं नाही, असं ठरलं. भंगारात सगळं होतं. खांबाला नव्या मशीनच्या खोक्याच्या फळ्या. त्यातली एक फळी छत्रीचं चित्र छापलेली. इरप्पाने ती मुद्दाम पुढे घेतली: "छत्री कुठं टांगायची, ते लिहायला नको." टांगायच्या आकड्यांना नट पिळायचे झिजलेले पाने, तापवून वाकवलेले. बुडाला वजन हवं म्हणून बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, एक फ्लायव्हील, आत पोकळी निघाल्यामुळे रिजेक्ट झालेलं.

जोगळेकर धावत आला. "थांबा! याच्यावर लाल टॅग आहे. रिजेक्ट माल वापरता येत नाही."

"पंपात न्हाई वापरत, साहेब. कोटाला वापरतोय."

"टॅगवर ज्याची सही, त्याच्याच सहीने तो रद्द होतो. नियम आहे." त्याने टॅग उलटा करून सही पाहिली.

पोतदारांची होती.

मग रावअण्णांनी कानामागची पेन्सिल काढून त्याच्यापुढे धरली. "जा, सही घेऊन या. स्वल्प लांब आहे."

जोगळेकरने पेन्सिल घेतली आणि पोतदारांच्या सहीखाली स्वतःची सही केली. पुढे दोन दिवस तो त्या बाजूला फिरकला नाही.

*

तिसऱ्या दिवशी आला तो फुटपट्टी घेऊन. ड्रॉइंगमध्ये खांब सहा फूट. भरला सहा फूट पाऊण इंच. लगेच लाल टॅग!

अण्णा मानायला तयार नाहीत. "चाळीस वर्षं मापतोय. सहा म्हणजे सहा."

जोगळेकरने त्यांच्या हातातली पट्टी घेतली, आपल्या पट्टीला लावली आणि कपाळावर हात मारला. त्याचं असं, की वितळलेलं बीड थंड होताना आकसतं. म्हणून ओतकामाचा नमुना थोडा मोठाच करतात, आणि त्यासाठी मिस्त्रींची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा जरासा लांब. अण्णांनी स्टँड त्याच पट्टीने मापला होता!

"अण्णा, हे लाकूड आहे! ओतकाम नाही!"

"असू दे. थंड झाल्यावर बरोबर होईल."

"लाकूड थंड कधी होणार?"

"स्वल्प थांबा!"

"अण्णाचा पलंगबी त्याच पट्टीचा हाय," इरप्पा म्हणाला. "पाव्हणं खूश असत्यात. पाय मोकळे ऱ्हात्यात म्हणे."

पाऊण इंच कापायला कोणीच करवत उचलली नाही. संध्याकाळी निघताना मी पाहिलं, तर स्टँडवरचा लाल टॅग जाऊन पिवळा आला होता.

*

सोमवारी भिंत पाडणारी माणसं घण घेऊन आली. स्टँड तयार, बाजूला उभा. आता फक्त कोट इकडून काढून तिकडे टांगायचा.

इरप्पा अण्णांना म्हणाला, "तुम्ही काढा. वडील तुम्ही." अण्णा म्हणाले, "तू काढ. तू त्यांचा हाताखालचा." मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले. हात वर केला. पोतदार उंच होते, खुंटी त्यांच्या मापाची. माझा हात कॉलरपर्यंत पोचला आणि तिथेच राहिला.

घणवाला म्हणाला, "काय करायचं, अम्मा? वेळ होतोय."

तेव्हा रावअण्णा म्हणाले, "अक्का, हात खाली घ्या. कोट काढायचा कशाला? खुंटी काढू."

इरप्पाने कोट खालून दोन्ही हातांवर तोलून धरला. अण्णांनी खुंटीभोवतीचा गिलावा छिन्नीने मोकळा केला. खुंटी कोटासकट बाहेर आली. दोघं तशीच ती घेऊन लहान लहान पावलं टाकत स्टँडपर्यंत चालत गेले. एखादी पालखी न्यावी तसे! अण्णांनी खांबाला सगळ्यात वर भोक पाडून ठेवलं होतं. खुंटी त्यात ठोकली. ठोकताना कोट हलला, पण खुंटीवरून उतरला नाही.

पाच पाने वाकवून केलेले पाच आकडे मोकळेच राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांवर टोप्या, स्वेटर आणि इरप्पाचा मुखवटा दिसायला लागला.

जोगळेकर लांबून बघत होता. त्या स्टँडवर पिवळा टॅग होता, आणि कोटावर टॅगच नव्हता. गुरुवारला तीन दिवस होते.

*

गुरुवारी ऑडिटर आला. बारीक अंगाचा, चष्मेवाला, गोड आवाजात माणसाचा घाम काढणारा. कॅन्टीनच्या पातेल्यापर्यंत सगळं तपासलं. साहेब त्याच्या उजवीकडे, जोगळेकर डावीकडे, फाइली घेऊन मी मागे. टूलरूममध्ये शिरला आणि थेट स्टँडपुढे थांबला.

मी स्टँडकडे पाहिलं. पिवळा टॅग गेला होता, हिरवा आला होता. आणि कोटाच्या वरच्या बटणालाही एक हिरवा टॅग लोंबत होता. अक्षर जोगळेकरचं. 'स्थिती: वापरात. वापरणार: पोतदार, टूलरूम.'

ऑडिटरने टॅग वाचला. कोटाच्या खांद्यावर बोट फिरवलं. बोटाला धूळ आली.

"हे पोतदार कुठे आहेत? त्यांना बोलवा. मला दोन प्रश्न विचारायचेत."

साहेब छताकडे बघायला लागले. इरप्पाने मुखवटा खाली ओढला. हातातल्या फाइली मी छातीशी धरल्या.

"राउंडवर आहेत, सर," जोगळेकर म्हणाला.

"कधी येतील?"

जोगळेकरने मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"नक्की वेळ सांगता येणार नाही, सर. पण कोट इथे आहे, म्हणजे आवारातच असणार."