कुत्र्याचा वशिला

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर. वाटूरच्या शाळेतली मास्तरीण, मुदतीच्या तापातून नुकतीच उठलेली, धर्मानं बौद्ध. साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर, बुद्धपौर्णिमेचा आदला दिवस, सकाळची वेळ. जागा भोकरदनच्या पलीकडं, अजिंठ्याच्या डोंगरातला एक भाड्याचा बंगला. हे सगळं आधीच सांगून टाकतो, कारण आमच्यावरचे अन्याय 'पूर्वी कधीतरी, कुठंतरी' झाले असं म्हणायची लोकांना फार सवय आहे.

डॉक्टरांनी आक्काला हवापालट सांगितला. आमच्यात हवापालट म्हणजे वाटूरहून परतूरला जाणं. पण तिच्या शाळेतल्या एका बाईंनी हा बंगला सुचवला. मालक जालन्याच्या मस्तगडातला सरकीचा व्यापारी, कुत्र्यांचा शौकीन, त्यामुळं तिथं कुत्रं घेऊन राहता यायचं. आक्काला तेच पाहिजे होतं. आजारपणात तिच्या खाटेखालून न हललेलं एक तांबडं गावठी कुत्रं होतं, त्याला टाकून ती कुठंच जायला तयार नव्हती.

मी दुकानावर जाऊन शेटजीशी ठरवून आलो. त्यानं कुत्र्याची बारीक चौकशी केली. चावतं का, खरूज आहे का, गादीवर चढतं का. माणसांबद्दल अवाक्षर नाही. मला वाटलं, जालन्यात एक तरी सुधारलेला माणूस निघाला! तसं काही नव्हतं. कुत्र्याला घेऊन हवा खायला जाणारे लोक आमच्यातले असू शकतात, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

एस.टी.नं पायथ्याशी गेलो, तिथून बैलगाडीनं वर. लांब व्हरांडा, ओळीनं पाहुण्यांच्या खोल्या, भिंतीवर नियमांची पाटी. औरंगाबादचे एक वकीलसाहेब वेताच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले, पायाशी त्यांचं पांढरं झुपकेदार कुत्रं. बंगल्याचा राखणदार, खालच्या गावचा म्हातारा शेतकरी, हसत पुढं आला. त्यानं आमच्या कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवला, खोली उघडून त्याला आत घेतलं, जर्मनच्या ताटलीत पाणी ठेवलं. मग बाहेर येऊन म्हणाला,

"बाई, पूर्ण नाव काय म्हनलं तुमचं?"

आक्कानं सांगितलं. आडनाव ऐकलं आणि म्हाताऱ्याचं हसू गेलं.

"म्हंजी तुमी... तिकडचे?"

"बौद्ध," आक्का म्हणाली.

"मंग आधी न्हाई का सांगायचं?"

"तुमच्या शेटजीनं विचारलं न्हाई," मी म्हणालो. "कुत्र्याची खरूज विचारली."

म्हातारा खाली बघून बोलू लागला. "असं करा, मागं चिंचंखाली खाट टाकून देतो. हवा तिथंबी हीच हाय की."

"आन कुत्रं?" आक्कानं विचारलं.

"त्याला राहू द्या आत. जनावराला काय जात असती व्हय?"

माझं टाळकं सटकलं. मी चळवळीची पत्रकं लिहिणारा माणूस, 'माणुसकीला काळिमा'पासून सुरुवात केली आणि घटनेच्या कलमांपर्यंत पोचलो. आवाज डोंगरावर आपटून परत येत होता. वकीलसाहेबांनी पेपर थोडा वर धरला, एवढाच परिणाम.

"तुझं पत्रक ठेव जरा," आक्का म्हणाली. ती केव्हाची पाटी वाचत होती. तिनं मला ती मोठ्यानं वाचायला लावली, वर्गातल्या पोराला लावावी तशी. "कुत्र्यास बंगल्यात एकटे सोडू नये. मालकाने सतत त्याच्यासोबत राहावे."

"ऐकलं ना?" ती म्हाताऱ्याला म्हणाली. "नियम मोडून राह्यलाय तुम्ही. कुत्रं आत एकटं हाय."

म्हातारा चपापला. "मंग भायेर काढतो की त्याला." काठी घेऊन आत गेला आणि लगेच परत आला. "बाई, लई खवीस हाय हो तुमचं कुत्रं! पलंगाखाली बसून दात दाखवतंय. चावलं तर पोटात सुया घ्याव्या लागतील मला."

"घ्याव्या लागतील," आक्का शांतपणे म्हणाली.

"तुमीच काढा ना त्याला. या आत, बिलकुल हरकत न्हाई, दोन मिन्टासाठी."

"कोण म्हणून येऊ?"

"कोण म्हणून म्हंजी?"

"पाटीवर काय लिहिलंय? कुत्र्यासोबत कोण राहतं?"

म्हाताऱ्यानं पाटीकडं बघितलं, वकिलाकडं बघितलं. तिकडून काहीच मदत येईना. आतून कुत्रं गुरगुरलं. शेवटी म्हातारा कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "मालकीणबाई, या आत."

माझ्या बहिणीला असल्या दारात मालकीणबाई म्हणणारा पहिला माणूस तो. ती पुढच्या दारानं गेली, पलंगावर बसली, पाय वर घेतले आणि म्हणाली, "आता सतत राहते. रांजणातलं पाणी आणा."

पाणी आलं. पेल्यातून आलं, हातात दिलं, वरून ओतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सांगावा मिळताच शेटजी जीपनं हजर झाला. आक्कानं पौर्णिमेची खीर केली होती. तो दारात उभा राहून पुटपुटू लागला, गैरसमज, दुसरी सोय, बाकीचे पाहुणे. आक्कानं त्याला सगळ्या पाहुण्यांदेखत एकच विचारलं, "शेटजी, तुमची पाटी खरी का खोटी? खोटी असली तर या सगळ्यांची कुत्री आत्ता बाहेर निघतील."

शेटजीनं व्हरांड्यातल्या कुत्र्यांवरून नजर फिरवली. "खरी."

"मंग खीर घ्या."

त्यानं घेतली, उभ्याउभ्या, छताकडं बघत. वाटी मात्र चाटूनपुसून रिकामी केली, गोड झालीच होती तशी. पंधरा दिवस आम्ही राहिलो. तिच्या गालावर रंग आला.

आणि त्या उन्हाळ्यात आमच्या लोकांना कुत्र्यांचं जे प्रेम फुटलं! परतूरचा एक तलाठी सहकुटुंब आमचं तांबडं उसनं घेऊन गेला. मग एक कंपाउंडर, मग दोन शिक्षक. कुत्रं एस.टी.ला सरावलं. शेवटी म्हातारा राखणदारच हात जोडून म्हणाला, "आता नुसतेच या हो! हे भुंकून झोप मोडतं माझी." तेव्हापासून आमची माणसं नुसतीच जातात, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या आडनावानं. जिंकलो ते हे.

तरी एक गोष्ट डोक्यात जाते. आम्ही बंगल्यातून निघालो त्या दिवशी वकीलसाहेब जवळ आले, चष्मा पुसत म्हणाले, "मी मनातून तुमच्याच बाजूचा होतो बरं का."

आक्का म्हणाली, "साहेब, तुमच्या मनात खोली भाड्यानं मिळती का?"

साहेब पुन्हा चष्मा पुसू लागले. तुमच्याकडं उत्तर आहे का? वाचणाऱ्यांनो, तुम्हीही कधी ना कधी त्या वेताच्या खुर्चीत बसलेले असता. तुमच्यासमोर दारात कुणाला आडनाव विचारून थांबवलं, तर आमच्यासाठी हळहळू नका, भाषणही करू नका. पेपर खाली ठेवा, तुमची बॅग उचला आणि आमच्यासोबत पायरीवर येऊन उभे राहा. आम्ही आत जाईपर्यंत तुम्हीही आत जायचं नाही.