शेरूची भाकर कुणाकडं?

मंडळी, आत्ताच तिसऱ्या दुकानातून रिकाम्या हातानं घरी आले.

मी अहमदपूरची, तीन वर्षांपासून जर्मनीत. माझ्या कुत्र्याचं, शेरूचं, पोट लई नाजूक. त्याला मानवणारं एकच खाणं आहे, आणि ते आता मला परवडेना. मागं स्वस्तातली पिशवी आणली, तर आठवडाभर उलट्या. आज तर कुठंच काही जमलं नाही.

वैतागून मायला फोन लावला. ती म्हणाली, "ताकात भाकर कुस्करून दे की!"

इथं ज्वारीचं पीठ त्याच्या खाण्याहून महाग आहे, असं सांगितलं. तर म्हणते, "मग बाकीची घरं काय देतेत त्याला?"

मला आधी कळलंच नाही. आमच्या गल्लीत कुत्रा एका घरचा नसतो. सकाळची भाकर आमची, दुपारची समोरच्या काकूंची, रात्री जिथं उरेल तिथं. तीन वर्षं माय समजून होती की शेरूही तसाच, गल्लीचा.

"माय, इथं तो माझ्या एकटीचाच आहे."

ती म्हणाली, "अन् तू गं बाई? तू आजारी पडलीस तर तुला कोण देतं?"

रेंज नाही म्हणून खोटं सांगितलं आणि फोन ठेवला.

बाहेर राहणाऱ्यांनो, तुम्ही कुणाचं दार वाजवता? मी आत्ता शेजारच्या दारापर्यंत गेले होते. पाटीवरचं नावसुद्धा मला धड वाचता आलं नाही. परत आले.