वरच्या फळीवरची भाजणी

आमच्या शेजारच्या आमिश बाईंकडे मोटार नाही आणि मला स्वयंपाक येत नाही. आमची ओळख या दोन गोष्टींवर टिकून आहे. स्वतःची मोटार ठेवायची नाही, पण दुसऱ्याच्या मोटारीत बसायला हरकत नाही, असा त्यांच्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथाचा नियम. उपासाला साबुदाणा चालतो आणि तांदूळ चालत नाही, अशा घरात मी वाढलो. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. दर गुरुवारी मी त्यांना गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात नेतो. येताना त्या अर्धा तास माझ्या स्वयंपाकघरात थांबतात आणि एखादा पदार्थ शिकवतात.

पदार्थ म्हणजे काय, तर पीठ, दूध, बटाटे, अंडी आणि शिळा पाव. पाव गार दुधात कुस्करून वर फळं घातली की जेवण झालं. बटाट्याचं उकळलेलं पाणी त्या ओतून देत नाहीत, पाव मळायला ठेवतात. मी फोडलेल्या अंड्याचं टरफल टाकणार, तेवढ्यात त्यांनी ते हातातून घेतलं आणि आतून बोट फिरवून निपटलं. माझ्या बायकोचं यांच्याशी चांगलं जमलं असतं. तिला जाऊन दीड वर्ष झालं.

तिने केलेली थालीपिठाची भाजणी कपाटाच्या वरच्या फळीवर होती, एका लहान डब्यात, पाऊण भरलेली. डाळी आयसेलिनच्या देशी दुकानांतून आणायच्या, एकेक धान्य वेगळं भाजायचं, धणे-जिरे घालून घरीच दळायचं, असा तिचा खटाटोप असे. त्या डब्याला मी हात लावला नव्हता. मुलगी हर्नडनहून फोनवर विचारायची, बाबा, भाजणी आहे ना अजून? मी आहे म्हणायचो. ती कधी संपणार नाही, एवढी माझी व्यवस्था होती.

परवाच्या गुरुवारी दुधातल्या गुठळ्यांचं सूप शिकायचं होतं. पीठ आणि अंडं बोटांनी चोळून त्याचा भुगा करायचा आणि तो उकळत्या मिठाच्या दुधात सोडायचा. पीठ कपाटात आहे, असं सांगून मी अंडी आणायला मोटारीपाशी गेलो. खालचा मैद्याचा डबा रिकामा आहे, हे माझ्या लक्षात नव्हतं.

अंडी देऊन मी भांडी विसळत राहिलो. वळलो तो धण्याचा वास आला. वरचा डबा ओट्यावर उघडा होता आणि बाईंच्या हातून भाजणी दुधात पडत होती. मला संताप आला, आणि तो त्यांच्यावर काढता येत नव्हता.

आम्ही जेवायला बसलो. त्यांनी मान खाली घालून मनातल्या मनात प्रार्थना केली. मी डब्याकडे बघत होतो. सूप करड्या रंगाचं आणि रवाळ झालं होतं. थालीपिठाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण तिसऱ्या घासाला जिरं दाताखाली आलं आणि मी चमचा वाडग्यात सोडला.

"चांगलं पीठ आहे," बाई म्हणाल्या. "कुठल्या गिरणीचं?"

"माझ्या बायकोने केलेलं."

त्यांनी चमचा खाली ठेवला. माफी मागतील असं मला वाटलं. त्यांनी डबा ओढून वास घेतला.

"आणखी महिनाभर ठेवलं असतं, तर कोंबड्यांना घालावं लागलं असतं," त्या म्हणाल्या, आणि पावाच्या तुकड्याने वाडगा पुसून खाऊ लागल्या.

मीही माझा वाडगा पुसला.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या भाजणीची मी थालीपिठं लावली, आयुष्यात पहिल्यांदा. तीन झाली. पहिलं करपलं. तेही खाल्लं.