गुडघ्यांचे डाग

मामांनी आयुष्यभर लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या. ताज्या कामावर कुणी पाऊल टाकलं, तर घरमालकालाही झापायला ते कचरत नसत. फरश्यांचं काम सुटलं तोवर गुडघे पार कामातून गेले होते. मग लेक त्यांना आपल्या घरी घेऊन आली.

तिच्या बैठकीच्या खोलीत फिकट बदामी गालिचा होता. मामा दुखणं विसरून रोज दुपारी त्यावर घोडा व्हायचे आणि नात पाठीवर बसायची. काही आठवड्यांत गालिच्यावर तेलकट डाग दिसू लागले.

मामांनी गुन्हेगार तिथल्या तिथे ठरवला. जावई सायकलने कामावर जात, रोज साखळीला तेल घालत. शेजारीण गप्पा मारायला आली होती, तिच्यादेखत मामा म्हणाले, "जावईबापू, हात पुसून घरात येत जा. परक्याच्या घरातसुद्धा मी कधी असं घाण करून ठेवलं नाही."

"लक्षात ठेवतो, बाबा," जावई म्हणाले.

एवढ्यावर न थांबता मामांनी कढत पाणी ओतून डाग ब्रशने खसाखसा घासले. ते पसरून दुप्पट झाले.

सुट्टीच्या दिवशी मामा फिरायला निघाले आणि चष्मा राहिला म्हणून जिन्यातूनच परतले. दार लोटलेलं होतं. आत जावई गालिच्यावर ओणवे होऊन डागांवर मक्याचं पीठ भुरभुरत होते.

"बाबांना सांगून टाकू या ना," लेक म्हणाली. "गुडघ्यांना तेल चोळतात आणि तसेच खाली टेकतात. तुम्ही का बोलणी खायची?"

"नको गं. कळलं तर तेल लावायचंच सोडून देतील. पीठ तेल शोषून घेतं, मग साबणाच्या पाण्याने टिपलं की झालं."

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चष्मा न घेताच ते खाली उतरले. सामान उचलावं आणि निघून जावं, असं क्षणभर वाटलं. पण जावयांना बोललो ते शेजारणीसमोर, मग कबुलीही तिच्यासमोरच द्यायला हवी. त्यांनी तिची बेल वाजवली.

"परवा जावयांना बोललो ना मी, ते डाग माझेच आहेत. गुडघ्यांच्या तेलाचे."

"माहीत होतं मला," ती संकोचून म्हणाली. "त्या दिवशी तुमच्या पायजम्याचे दोन्ही गुडघे तेलानं माखले होते."

म्हणजे सगळ्यांना दिसत होतं. कान पाडून मामा घरी आले आणि जावयांसमोर उभे राहिले. जावई आता ओल्या फडक्याने डाग टिपत होते.

"ते फडकं द्या इकडे," मामा म्हणाले. "चूक माझी होती. तुम्हाला नको ते बोललो."

"घासू मात्र नका, बाबा," जावई म्हणाले. "कडेकडून आत असं नुसतं दाबत या."

लेकीने बुटकं स्टूल सरकवलं. त्यावर बसून, वाकून, मामा बराच वेळ डाग टिपत राहिले. पुष्कळसं तेल निघालं. जिथे त्यांनी ब्रश चालवला होता तिथले धागे मात्र विसकटले ते विसकटलेच.

जावयांनी चहाचा कप पुढे केला. मामांनी तो घेतला, पण मान काही वर करवली नाही.