मोठ्या बायची अर्धी कामं

आमच्या मोठ्या बायने उभ्या जन्मात गणपतीची तयारी कधी पुरी केली नाही. चतुर्थी चार दिवसांवर आली तरी गणपतीच्या मागची भिंत बिनरंगाची, नारळ न सोललेले, समया काळ्या, वाती वळायच्या बाकी. शेजारपाजारची घरं लखलखीत आणि आमचं हे असं! मोठी बाय म्हणजे माझी थोरली जाऊ. गावही तिला याच नावाने हाक मारी. हातखंब्यापासून थोडं आत आमचं घर. मी राजापूरकडून मधली सून म्हणून आले आणि पहिल्याच वर्षी मनात म्हटलं, बाई प्रेमळ आहे, पण ऐदी आहे हो.

बाकी बाबतीत मात्र तिचं डोकं बघून मी थक्क व्हायची. मुंबईहून तीस-पस्तीस माणसं यायची. कोण कुठल्या गाडीने येणार, कोणाच्या गुडघ्यांना खाट लागेल, कोणाला काळे वाटाणे बाधतात, कुठलं पोर मागच्या दारी जायला भितं म्हणून तिथे नवा दिवा लावायचा, सगळं तिच्या डोक्यात. "लिहून ठेवा की बाय," मी म्हणायची. "लिहायचं काय गो? माणसं हायत, वाणसामान नाय."

एकमेकांशी न बोलणाऱ्या दोघांची अंथरुणं ती मुद्दाम शेजारी घालायची. "घोरणं ऐकलान की आपला माणूस आठवतो," हे तिचं शास्त्र. आणि सांगते काय, तिसऱ्या दिवशी ते दोघे एकाच ताटातले मोदक मोडताना दिसायचे!

एका वर्षी श्रावणात बाय शेवाळलेल्या चिऱ्यावरून घसरली आणि उजवा हात प्लास्टरात गेला. घर माझ्याकडे आलं. ती म्हणाली, "हवं ते कर, पण त्या भिंतीला हात लावू नको." मला वाटलं, कामं राहिल्याची तिला लाज वाटत असेल. मग मी तिचं ऐकलंच नाही. ती कण्हत पडलेली असताना माणूस लावून भिंत रंगवली, नारळ सोलून घेतले, वातींची तयार पाकिटं आणली. गणपतीच्या डोक्यावर टांगतो ती लाकडी चौकट, आमची माटवी, तीसुद्धा कवंडळं, तवसं अशी फळं नि आंब्याचे टाळे लावून दोन दिवस आधीच सजवून टाकली. बायने बघितलं आणि नुसतं "बरं" म्हणाली.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी मंडळी आली. धाकटे भावोजी विरारला असतात. ते बॅग खांद्यावर तशीच ठेवून भिंतीपुढे उभे राहिले.

"कोणी रंगवली?"

"माणूस लावला," मी ऐटीत सांगितलं.

"अस्सं," म्हणाले, आणि ओटीवर मोबाईल घेऊन बसले. दरवर्षी "या घरात एक काम वेळेवर होईल तर शपथ!" असं ओरडत, शर्ट काढून भिंत रंगवायला घेणारा माणूस तो! त्यांची बायको वाती वळायला आली, पाकिटं बघून परत गेली. पोरं तर विचारायलाच नको. घरभर माणसं, आणि आवाज टीव्हीचा.

हरतालिकेला सकाळी चहाचा कप खाली ठेवत भावोजी म्हणाले, "बाय, पुढच्या वर्षीपासून आम्ही विरारलाच गणपती आणावा म्हणतो. इथे आता सगळं तयारच असतं. यायचं, जेवायचं, जायचं."

एकदा कोणी वेगळा गणपती आणला की ती शाखा गावाला तुटली, हे आमच्याकडे ज्याला त्याला ठाऊक. आमच्याच आवाठीत, या एवढ्याशा वाडीत, तीन घरं अशी कुलपात गेली आहेत.

बाय उठली, प्लास्टरचा हात पोटाशी धरून माटवीखाली गेली आणि वर बघून एकदम कडाडली, "ही काय माटवी? राजापूरची बाय ती, तिला आपल्याकडची बांधणी काय कळणार! सोडा ती. आत्ताच्या आत्ता सोडा!"

पस्तीस माणसांसमोर! लाजेने माझा चेहरा तापला. पण भावोजी शिडीवर चढले होते. "बाय, सुंभ कुठाय? अगं, कात्री दे!" त्यांची बायको खालून दोरी द्यायला लागली, पोरं ओली कवंडळं शोधायला कुंपणाकडे पळाली. "डावीकडे घे रे, मेल्या, डोळे हायत की नारळ?" बाय खालून ओरडत होती. दुपारपर्यंत घरात कोणाचं कोणाला ऐकू येईना.

मी चुलीपाशी तोंड फुगवून बसले होते. बाय आली, डाव्या हाताने माझी पाठ चोळली. "तुझी माटवी माझ्यापेक्षा सुरेख होती गो. पण सगळं आपणच केल्यावर त्यांनी यायचं कशाला? लोक मला ऐदी म्हणतात, म्हणू देत. मी एकेकाचं काम राखून ठेवते."

इतकी वर्षं ही बाई नावं ठेवून घेत होती, आणि ठेवणाऱ्यांत मीही होते.

विरारचा विषय पुन्हा निघाला नाही. विसर्जन करून परतताना भावोजी मला एवढंच म्हणाले, "वहिनी, रंग फिका निवडलात हो. पुढच्या खेपेला मी घेऊन येतो."

यंदा वैशाखात बाय गेली. बाराव्याला भावोजी माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "वहिनी, त्या वर्षी मी नुसतं बोललो नव्हतो. विरारच्या मूर्तीसाठी सागवानी पाटसुद्धा करून घेतला होता. बरं झालं, बायला शेवटपर्यंत कळलं नाही."

मी नुसती मान हलवली. त्यांच्या धाकट्या मुलीने पाटाचं बायला आधीच फोनवर सांगून टाकलं होतं, हे बायनेच मला मागाहून सांगितलेलं. माटवी सोडायला लावली ती बायने हे ठाऊक असताना, आणि त्यांच्याजवळ त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

"मग तो पाट?" मी विचारलं.

"आहे की," भावोजी खाली मान घालून म्हणाले, "हिने त्याच्यावर मिक्सर ठेवलाय."

बाराव्याच्या दिवशी घरात हसू नये. मी मागच्या पडवीत जाऊन हसून आले.