पेवातली चिमणी आणि आरगॉन

कुरुंद्याच्या रस्त्यावर ‘आरगॉन वेल्डिंग’ अशी पाटी लावून बसलेला प्रेमानंद रसायनशास्त्राचा एम.एस्सी. आहे, हे गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हते. असते तरी त्यांचे काही अडत नव्हते. चौदा वर्षे त्याने एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर राजवायू शिकवले. आरगॉन विजेच्या दिव्यात भरतात, म्हणजे तापलेली तार जळत नाही; आपल्या प्रत्येक श्वासात शंभरातला एक भाग त्याचाच असतो. ‘हा वायू कोणाशीही संयोग पावत नाही’ हे वाक्य तो दरवर्षी फळ्यावर अधोरेखित करी. कायम मात्र संस्थाचालकांचे भाचे झाले. मग ज्या वायूवर व्याख्याने दिली, त्याचेच सिलिंडर त्याने दुकानात उभे केले.

उंबऱ्याशी त्याची आई जनकाबाई बसलेली असे. तरुणपणी तिने दुसऱ्यांच्या शेतातली धान्याची पेवे, म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठारे, उपसली होती. पेव उघडले की आधी दोरीला बांधून रॉकेलची पेटती चिमणी आत सोडायची, ती जळत राहिली तरच माणसाने उतरायचे, ही तिची शिस्त. सिलिंडर पहिल्यांदा आले तेव्हा तिने विचारले होते, हा पेटतो का, वास मारतो का? प्रेमानंद हसून म्हणाला होता, “आई, हा कुणाच्या अध्यात ना मध्यात.” सिलिंडरवरही ‘ज्वलनशील नाही’ एवढेच छापलेले होते. पुढचे छापायला जागा नव्हती की गरज वाटली नव्हती, कोण जाणे.

त्या दुपारी हळदवाल्या देविदासने हळद शिजवायचा पोलादी ड्रम आणला. छातीएवढा उंच, गाड्यावर दोन खुंट्यांत अडकवलेला. दांडा ओढला की कलंडून हळद ओतणारा. तळाचा सांधा उकलला होता. सांध्याची आतली बाजू काळी पडू नये म्हणून प्रेमानंदने तोंडावर पुठ्ठा ठेवून ड्रममध्ये आरगॉन भरला आणि बाहेरून टाका मारला. टाका निवल्यावर पुठ्ठा काढला. हळदवाल्याला सांधा अंगठ्याने चाचपल्याशिवाय चैन पडत नाही. देविदासने उतरू का म्हणून विचारले.

“उतरा की,” प्रेमानंद म्हणाला.

“चिमणी सोडली का आत?” जनकाबाईने विचारले.

“आई, हे पेव न्हाई.”

देविदास स्टुलावरून आत उतरला, सांध्याशी वाकला आणि पुन्हा वर आलाच नाही. ना हाक, ना खोकला. प्रेमानंदने डोकावले तेव्हा तो तळाशी मुटकुळे करून पडला होता. प्रेमानंदने काठावर पाय टाकला. तोच आईने त्याचे मनगट धरले.

“तू उतरू नको. पेवात एकामागं दुसरा जातो. दांडा वढ.”

दोघांनी दांडा ओढला. ड्रम आडवा झाला आणि न दिसणारे काहीतरी पाण्यासारखे जमिनीवर सांडून गेले. देविदासला पाय धरून बाहेर घेतले. तो थोडा वेळ प्रेमानंदला सरता सरेना. मग देविदासची छाती हलली.

“झोप लागली व्हती का, मावशी?” त्याने विचारले.

जीव गुदमरला का, असे प्रेमानंदने विचारले.

“न्हाई. काहीच न्हाई झालं.”

काहीच झाले नव्हते, हेच तर भयंकर होते; प्राणवायू संपला तरी आरगॉनमध्ये जीव गुदमरल्यासारखे वाटतच नाही. आरगॉन हवेहून जड असतो, हे गणित त्याने चौदा वर्षे फळ्यावर सोडवले होते. जड म्हणजे तळाशी साचतो आणि तिथली हवा हुसकावतो, ही पुढची ओळ पुस्तकात नव्हती, म्हणून त्यानेही लिहिली नव्हती.

“इतके वर्सं पोरायला काय शिकवलंस रे?” जनकाबाईने विचारले. त्यात टोमणा नव्हता. तिला खरेच कळत नव्हते.

जुन्या विद्यार्थ्यांतले कितीतरी आज कारखान्यांत टाक्यांच्या काठांवर उभे असतील. प्रेमानंदने मोबाइल काढला. त्यांचे नंबर तो एकेक करून लावू लागला. पहिला नंबर तिसऱ्या खेपेस लागला.